व्हिडिओ गेममधील गुलामगिरीचे चित्रण

व्हिडिओ गेममधील गुलामगिरीचे चित्रण हा संगणक, मोबाइल व तत्सम साधनांवर खेळल्या जाणाऱ्या खेळांत गुलामांचा व्यापार, मळ्यांवरील सक्तीचे श्रम, पलायन आणि बंड यांचे दर्शन घडवण्याशी संबंधित विषय आहे. त्याची चर्चा मुख्यतः १६ व्या ते १९ व्या शतकांतील अटलांटिक महासागरावरील गुलाम व्यापाराच्या संदर्भात होते. कादंबरी, नाटक व चित्रपट यांनी हा विषय हाताळावा की नाही, असा प्रश्न आता सहसा विचारला जात नाही. ॲलेक्स हेली यांची 'रूट्स' (१९७६) व तिच्यावरील दूरचित्रवाणी मालिका (१९७७), टोनी मॉरिसन यांची 'बिलव्हेड' (१९८७) ही कादंबरी, 'ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह' (२०१३) हा चित्रपट ही त्याची सुपरिचित उदाहरणे होत. त्याच विषयावरील व्हिडिओ गेम मात्र वेळोवेळी मागे घ्यावे लागले आहेत किंवा त्यांतील भाग कापावे लागले आहेत. या फरकाचे मूळ माध्यमाच्या स्वरूपात आहे. वाचक व प्रेक्षक घडलेले पाहतात. खेळाडूला स्वतः काही करावे लागते, आणि काय केले असता गुण मिळतील हे खेळाच्या नियमांनी आधीच ठरवून ठेवलेले असते.

पार्श्वभूमी

इ.स. १५०१ ते १८६६ या काळात सुमारे १ कोटी २५ लाख आफ्रिकी माणसांना जहाजांत कोंबून अमेरिका खंडांकडे नेण्यात आले, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे १ कोटी ७ लाख जिवंत पोहोचले. उरलेले सुमारे १८ लाख प्रवासातच मरण पावले. पोहोचलेल्यांतील जवळजवळ ४८ लाख एकट्या ब्राझीलमध्ये उतरवले गेले. आजच्या अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या भूभागावर थेट आफ्रिकेतून आणलेल्यांची संख्या चार लाखांच्या आत होती. तेथील गुलामांची पुढील प्रचंड संख्या मुख्यतः जन्माने गुलाम ठरलेल्यांची होती. ब्रिटनने १८०७ मध्ये या व्यापारावर बंदी घातली आणि १८३३ मध्ये आपल्या वसाहतींतील गुलामगिरी संपवण्याचा कायदा केला. फ्रान्सने १८४८ मध्ये, संयुक्त संस्थानांनी १८६५ मध्ये व ब्राझीलने सर्वांत शेवटी, १८८८ मध्ये, गुलामगिरी रद्द केली.

या व्यापाराविरुद्धच्या चळवळीत एका चित्राने मोठे काम केले, आणि व्हिडिओ गेमविषयीचा वाद समजून घेण्यासाठीही ते उपयोगी पडते. 'ब्रुक्स' हे लिव्हरपूलचे गुलामवाहू जहाज होते. १७८८ मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ येथील गुलामगिरीविरोधी समितीने या जहाजाचा नकाशा छापला. त्यात जहाजाच्या मजल्यांवर माणसे खांद्याला खांदा लावून, इंच न् इंच जागा भरेल अशी मांडलेली दिसत होती. त्या वर्षीच्या कायद्याने 'ब्रुक्स'ला ४५४ माणसे नेण्याची मुभा होती. त्यापूर्वीच्या एका सफरीत याच जहाजाने ६०९ माणसे नेली होती. नकाशातील गर्दी म्हणजे कायद्याने सुधारलेली स्थिती होती, हे वाचकाच्या ध्यानी आले की चित्र अधिकच अंगावर येत असे. विल्यम विल्बरफोर्स यांनी याच जहाजाचा लाकडी नमुना ब्रिटिश संसदेत दाखवला. माणसांची मालासारखी रचाई हे दृश्य गुलामगिरीविरुद्धचा पुरावा म्हणून लोकांसमोर ठेवले गेले होते. सव्वादोनशे वर्षांनी तेच दृश्य एका खेळात आले आणि तो खेळ टीकेचा धनी झाला. त्याचे विवेचन पुढे केले आहे.

मार्टिनिकमधील आरंभ

गुलामगिरीवरील आरंभीच्या व्हिडिओ गेमपैकी दोन महत्त्वाचे खेळ ज्यांच्यावर गुलामगिरी लादली गेली त्यांच्याच वंशातील एका स्त्रीने रचले, ही गोष्ट नंतरच्या वादांत पुष्कळदा विसरली जाते. मुरिएल ट्रामिस यांचा जन्म कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक या फ्रेंच बेटावरचा. फ्रान्समधील 'कोक्टेल व्हिजन' या संस्थेत काम करताना त्यांनी 'मेविलो' (१९८७) हा खेळ तयार केला. त्याचे कथानक १९०२ मध्ये, मों पले ज्वालामुखीच्या उद्रेकात सें-पिएर हे शहर नष्ट होण्याच्या थोडे आधी घडते. मालकाने आपले सोने पुरून ठेवायचे आणि त्याच्या रक्षणासाठी खड्डा खणणाऱ्या गुलामालाच तेथे मारून पुरायचे, ही बेटावरील दंतकथा त्याच्या मुळाशी आहे. गुप्तधनावर राखण बसवण्याच्या गोष्टी मराठी वाचकाला अपरिचित नाहीत. येथे राखण कोणाची बसवली गेली याला नाव आहे, वंश आहे आणि इतिहास आहे.

त्यानंतरच्या 'फ्रीडम' (१९८८) या खेळात खेळाडू मार्टिनिकमधील उसाच्या मळ्यावरील गुलामाची भूमिका घेतो व इतरांना बंडासाठी तयार करतो. कोणावर विश्वास ठेवावा, कोणाला आधी सामील करून घ्यावे, कोठे आग लावावी हे त्याला ठरवावे लागते. दोन्ही खेळांच्या लेखनात मार्टिनिकचेच साहित्यिक पात्रिक शामोआझो यांचा सहभाग होता. त्यांना पुढे १९९२ मध्ये फ्रान्सचा गोंकूर पुरस्कार मिळाला. ट्रामिस यांना २०१८ मध्ये 'लेजिओं दोनर' हा फ्रान्सचा उच्च सन्मान देण्यात आला. या खेळांत गुलाम हा कर्ता आहे. तो सोसतो, पण त्याचबरोबर योजना आखतो, चुकतो, पकडलाही जातो. नंतरच्या अनेक शैक्षणिक खेळांना हे साधले नाही.

'फ्रीडम!' आणि शाळांतील विरोध

नावात साधर्म्य असलेला 'फ्रीडम!' हा अमेरिकन खेळ याहून वेगळा आहे. तो १९९२ मध्ये 'मेक' या मिनेसोटातील शैक्षणिक संगणन संस्थेने प्रसिद्ध केला. याच संस्थेच्या 'द ओरेगॉन ट्रेल' या खेळाने अमेरिकेतील शाळकरी मुलांच्या एका पिढीला पश्चिमेकडे जाणाऱ्या वसाहतकारांच्या प्रवासाची ओळख करून दिली होती. 'फ्रीडम!'मध्ये काळ १८३० च्या सुमाराचा असून खेळाडू दक्षिणेतील मळ्यावरून उत्तरेकडील मुक्त राज्यांत पळून जाऊ पाहणारा गुलाम असतो. पळणाऱ्यांना आश्रय व वाट देणाऱ्या गुप्त साखळीला 'अंडरग्राउंड रेलरोड' म्हणत. तिची ठिकाणे शोधत, भूक व पाठलाग सांभाळत पुढे जायचे असते. मिनेसोटात रात्रीच्या वेळी रानातून चालत या पलायनाचे प्रयोग घडवणारे कमाउ कंबुई हे या खेळाचे सल्लागार होते.

खेळातील एक नियम विशेष उल्लेखनीय आहे. काही वेळा खेळाडूच्या वाट्याला वाचता न येणारे पात्र येते. अशा वेळी वाटेवरील पाट्यांवरची अक्षरे निरर्थक, विस्कळीत दिसतात. गुलामांना लिहिण्या-वाचण्यापासून दूर ठेवण्यामागे काय हेतू होता, हे सांगायला धड्यातील परिच्छेद लागतो. या खेळात ते पाटीसमोर उभे राहिल्यावर एका क्षणात कळते.

असे असूनही हा खेळ टिकला नाही. कृष्णवर्णीय पालकांनी त्यावर तीव्र आक्षेप घेतले. गुलाम पात्रांच्या तोंडची बोली विडंबनासारखी वाटते, जिवावर बेतणारे पलायन शर्यतीसारखे होते, आणि वर्गातील एखाददुसऱ्या कृष्णवर्णीय मुलाकडे बाकीची मुले खेळातील पात्र म्हणून पाहू लागतात, अशी त्यांची तक्रार होती. १९९३ मध्ये संस्थेने खेळ मागे घेतला व शाळांना त्याच्या प्रती परत करण्यास अथवा नष्ट करण्यास सांगितले. शेवटचा आक्षेप खेळापुरता मर्यादित नाही. वर्गातील सर्व मुले एकाच पडद्याकडे पाहत असली, तरी पडद्यावरचा माणूस काहींच्या दृष्टीने गोष्टीतले पात्र असतो आणि काहींच्या दृष्टीने पणजोबांचे वडील.

वगळणुकीचा इतिहास

ज्या खेळांविरुद्ध ओरड झाली त्यांपेक्षा, ज्या खेळांनी गुलामगिरी गाळूनच टाकली त्यांची संख्या कितीतरी मोठी आहे. साम्राज्ये उभारण्याच्या खेळांत हे विशेष दिसते. सिड मायर यांच्या नावाने प्रसिद्ध झालेल्या 'कॉलनायझेशन' (१९९४) या खेळात खेळाडू अमेरिकेत युरोपीय वसाहत वसवतो. ऊस, तंबाखू व कापूस पिकवून विकतो. करारबद्ध मजूर व गुन्हेगारही युरोपातून आणतो. आफ्रिकी गुलाम मात्र त्यात कोठेच नाहीत. 'एज ऑफ एम्पायर्स ३' (२००५) मधील मळ्यांवर स्वखुशीने आलेले वसाहतकार राबतात. २०२० च्या सुधारित आवृत्तीत मळ्याला इंग्रजीत असलेले, गुलामगिरीची आठवण देणारे नाव बदलून 'इस्टेट' करण्यात आले. काम करणारे तेच राहिले. 'ॲनो १८००' (२०१९) या जर्मन खेळात १९ व्या शतकातील नव्या जगात ऊस, रम व कापूस यांची भरभराट आहे, आणि तेथील श्रमिक रोजंदारीचे आहेत.

निर्मात्यांची अडचण खोटी नाही. माणसांना विकत घेऊन जास्तीत जास्त नफा काढण्याचे कोडे खेळाडूसमोर ठेवायचे कोणी? पण परिणाम असा होतो की साखर, कापूस व सोने आपोआप निर्माण होते आणि त्यामागचे श्रम अदृश्य राहतात. न दाखवणे हेही एक प्रकारचे दाखवणेच ठरते, आणि त्यावर कोणी मोर्चा काढत नसल्याने ते निर्वेध चालू राहते.

काही खेळांनी गुलामगिरीला नियमांत जागा दिली. 'सिव्हिलायझेशन ४' (२००५) मध्ये गुलामगिरी ही राज्यव्यवस्थेची एक निवड आहे. ती स्वीकारली की शहराची लोकसंख्या खर्ची टाकून इमारत किंवा सैन्य तत्काळ पूर्ण करता येते. लोकांत असंतोष निर्माण होतो. पण काही फेऱ्यांनंतर तो ओसरतो आणि लोकसंख्या पुन्हा भरून येते. अनेक निष्णात खेळाडू ही निवड सर्वांत लाभदायक मानतात, आणि ती करताना त्यांच्या मनात माणसांचा विचार येत असेल असे वाटत नाही. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) मध्ये गुलाम ही मीठ, धान्य व हस्तिदंत यांच्या पंक्तीतील एक व्यापारी वस्तू आहे. पुढे गुलामगिरी रद्द करण्याचा निर्णयही घेता येतो. 'व्हिक्टोरिया ३' (२०२२) ने एक पाऊल पुढे टाकले. तेथे गुलाम हा लोकसंख्येचा स्वतंत्र गट आहे आणि गुलामगिरी हा कायदा आहे. तो बदलू पाहिल्यास जमीनदारांचा गट विरोध करतो व प्रसंगी यादवी युद्ध पेटते. गुलामगिरी कोणाच्या हितसंबंधांवर टिकली होती, हे या खेळात बरेच स्पष्ट होते. तिच्याखाली जगणे कसे होते, ते कळत नाही. राजाच्या गच्चीवरून पाहणाऱ्या खेळांची ती मर्यादाच आहे.

'फ्रीडम क्राय'

डिसेंबर २०१३ मध्ये युबिसॉफ्ट या कंपनीने 'असॅसिन्स क्रीड ४' या लोकप्रिय खेळाला जोडून 'फ्रीडम क्राय' हा भाग प्रसिद्ध केला. नायक आदेवाले हा त्रिनिदादमध्ये गुलामगिरीत जन्मलेला, पुढे चाचेगिरी करून स्वतंत्र झालेला माणूस. १७३५ च्या सुमारास तो सें-दोमेंग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीमध्ये, पोर्तो-प्रॅन्स येथे येऊन पोहोचतो. मळ्यांवरून पळून डोंगरात राहणाऱ्या 'मरून' लोकांना तो साहाय्य करतो. याच वसाहतीत १७९१ मध्ये गुलामांचे मोठे बंड सुरू झाले व १८०४ मध्ये हैती स्वतंत्र झाला. खेळातील घटना त्याच्या दोन पिढ्या आधीच्या आहेत.

रस्त्यात लिलाव चालू असतो, पळणाऱ्याचा पाठलाग चालू असतो, मुकादम चाबूक उगारतो. खेळाडूने मध्ये पडून माणसांना सोडवायचे. सोडवलेल्यांची संख्या मोजली जाते आणि ठरावीक संख्या गाठली की नवी शस्त्रे व सुविधा उपलब्ध होतात. या हिशेबावरच टीका झाली. मुक्त झालेला माणूस पुन्हा आकडाच झाला आणि त्या आकड्याच्या बदल्यात वस्तू मिळू लागली. शिवाय सोडवलेल्या ठिकाणी काही वेळाने नवे गुलाम व नवे मुकादम उभे राहतात. काहींना हा तांत्रिक दोष वाटतो. काहींच्या मते एकट्या शूराच्या तलवारीने व्यवस्था संपत नाही, हे त्यातून नकळत का होईना जाणवते. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे.

उत्तरार्धातील एका प्रसंगाबद्दल मात्र फारसे दुमत नाही. गुलामांनी भरलेल्या जहाजावर तोफा डागल्या जातात. आदेवाले बुडत्या जहाजाच्या तळात शिरतो. साखळदंडांत अडकलेली माणसे त्याच्या डोळ्यांदेखत बुडतात, आणि खेळाडूने कितीही चपळाई केली तरी त्यांना वाचवता येत नाही. ज्या खेळमालिकेत नायकाला सर्व काही साध्य असते, तेथे ही असहायता नियमांनी लादलेली आहे. म्हणूनच ती परिणामकारक ठरते.

'प्लेइंग हिस्टरी २' वरील वाद

'प्लेइंग हिस्टरी २: स्लेव्ह ट्रेड' हा डेन्मार्कमधील 'सीरियस गेम्स इंटरॲक्टिव्ह' या कंपनीचा शाळकरी मुलांसाठीचा खेळ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. डेन्मार्कचाही कॅरिबियन बेटांवर वसाहती व गुलाम व्यापार होता, हे येथे नमूद केले पाहिजे. १८ व्या शतकातील गुलामवाहू जहाजावर कप्तानाच्या सेवेत असलेला टिम हा स्वतः गुलाम असलेला मुलगा खेळाचा नायक आहे, आणि बोलणारा उंदीर त्याचा सोबती. प्रवास चालू असता टिमला या व्यापाराचे खरे रूप उमजत जाते, अशी योजना आहे.

खेळातील एका छोट्या भागात जहाजाच्या तळात जास्तीत जास्त माणसे बसवायची होती. त्यासाठी 'टेट्रिस' या सुप्रसिद्ध खेळाची रीत वापरली होती. वरून पडणाऱ्या ठोकळ्यांच्या जागी वेगवेगळ्या आकारांत मुडपलेली आफ्रिकी माणसे पडत, आणि खेळाडूने ती फट न ठेवता रचायची. दोन वर्षे याकडे कोणाचे विशेष लक्ष गेले नाही. २०१५ मध्ये हा खेळ 'स्टीम' या विक्रीमंचावरून मोठ्या प्रेक्षकवर्गापर्यंत पोहोचला, त्या भागाची चित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि संतापाची लाट उसळली. कंपनीच्या प्रमुखांनी प्रथम बचाव केला. गुलामांना किती अमानुषपणे वागवले गेले हे मुलांना जाणवावे, हाच त्या भागाचा हेतू होता असे त्यांचे म्हणणे होते. थोड्याच दिवसांत तो भाग काढून टाकण्यात आला. सगळा वाद १५ सेकंदांच्या भागावरून झाला, अशी खंतही कंपनीने व्यक्त केली.

निर्मात्यांच्या हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. त्यांना जे सांगायचे होते तेच 'ब्रुक्स'च्या नकाशाने १७८८ मध्ये सांगितले होते. तरीही परिणाम उलटा झाला, आणि त्याचे कारण नियमात सापडते. 'ब्रुक्स'चा नकाशा पाहणारा माणूस बाहेर उभा राहून मोजत होता. 'टेट्रिस' खेळणाऱ्याच्या हाती रचाईचे काम येते. ठोकळा नेमका बसला की समाधान वाटावे, यासाठीच 'टेट्रिस'ची रचना झालेली आहे; ते समाधान ठोकळ्याच्या जागी माणूस ठेवल्याने नाहीसे होत नाही. मुलाच्या मनात घृणा उत्पन्न व्हावी अशी अपेक्षा होती, आणि त्याच्या बोटांना मात्र नीट रचल्याबद्दल शाबासकी मिळत होती. शिवाय रचणाऱ्याच्या जागी मूल बसवताना, ते मूल रचल्या गेलेल्यांच्या वंशातील असू शकेल याचा विचार झालेला दिसत नाही.

ब्राझीलमधील प्रकरण

मे २०२३ मध्ये गुगल प्ले या मंचावरील 'सिम्युलादोर दि एस्क्राविदांव' म्हणजे 'गुलामगिरीचा अनुकार' या नावाच्या पोर्तुगीज भाषेतील मोबाइल खेळाविरुद्ध ब्राझीलमध्ये तक्रारी झाल्या. गुलामांची खरेदी-विक्री करून संपत्ती वाढवणे हा त्यातील एक मार्ग होता. मुक्तीच्या दिशेने जाण्याचा दुसरा मार्गही दिलेला होता. ब्राझीलच्या सरकारी अभियोक्त्यांनी चौकशी सुरू केली आणि गुगलने खेळ हटवला. डॅनिश खेळाशी या प्रकरणाची तुलना केली जाते, ती फारशी योग्य नाही. तेथे शिकवण्याच्या प्रयत्नात चूक झाली होती. येथे शिकवण्याचा प्रयत्नच आढळत नाही, आणि मुक्तीचा मार्ग सोबत ठेवल्याने विक्रीचा मार्ग निर्दोष ठरत नाही.

सैद्धान्तिक चर्चा

या विषयावरील विचारमंथनात उरुग्वेचे खेळ-अभ्यासक गोन्सालो फ्रास्का यांच्या २००० सालच्या निबंधाचा उल्लेख केला जातो. आउश्विट्झनंतर व्हिडिओ गेम रचणे रानटीपणाचे आहे काय, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला होता. व्हिडिओ गेममध्ये मरण कायमचे नसते. पुन्हा सुरुवात करता येते. जेथे कोणतीही कृती पुसून टाकता येते तेथे नैतिक निर्णयाला वजन येत नाही, हे त्यांच्या विवेचनाचे सूत्र आहे. त्यावर उपाय म्हणून त्यांनी एकदाच खेळता येईल अशा, संपला की संपला अशा खेळाची कल्पना मांडली. इयन बोगोस्ट यांनी २००७ च्या 'पर्सुएझिव्ह गेम्स' या ग्रंथात असे प्रतिपादन केले, की खेळ आपला युक्तिवाद शब्द व चित्रे यांच्याइतकाच नियमांच्या चालीतून मांडतो. 'फ्रीडम!'मधील न वाचता येणारी पाटी आणि 'सिव्हिलायझेशन ४' मधील ओसरणारा असंतोष ही दोन्ही अशा युक्तिवादाची उदाहरणे म्हणता येतील, एक जाणीवपूर्वक केलेले व दुसरे अभावितपणे घडलेले.

नियमांनी किती साधते याचा सर्वांत बोलका दाखला संगणकावरचा नाही. अमेरिकन खेळरचनाकार ब्रेंडा रोमेरो यांची सात वर्षांची मुलगी शाळेत गुलामवाहू जहाजांचा धडा शिकून आली. तिने तो व्यवस्थित, पण कोरडेपणाने सांगितला. तेव्हा रोमेरो यांनी घरातील साहित्यातून तिच्यासाठी एक खेळ तयार केला. पुढे तो 'द न्यू वर्ल्ड' (२००८) या नावाने ओळखला गेला. मुलीने लहान सोंगट्या रंगवल्या व त्यांची कुटुंबे केली. आईने त्यांतील मूठभर सोंगट्या उचलून नावेत ठेवल्या. कुटुंबे तुटली, कोणाचे मूल मागे राहिले. मुलीने हरकत घेतली, पण नियम तसाच होता. प्रवास दहा फेऱ्यांचा, अन्न मोजके, आणि प्रत्येक फेरीला फासा टाकून अन्न कमी होणार. अर्ध्या वाटेत अन्न पुरणार नाही हे मुलीच्या लक्षात आले आणि काही माणसांना पाण्यात टाकावे लागेल का, असे तिने विचारले. धड्याने जे झाले नव्हते ते त्या क्षणी झाले. हा खेळ एका मुलीसाठी, शेजारी आई बसलेली असताना खेळला गेला, ही बाब त्याच्या यशातून वगळता येणार नाही.

नाझी अत्याचारांवरील खेळांशी तुलना

नाझी राजवटीच्या चित्रणाबाबत जर्मनीने दीर्घकाळ वेगळे धोरण ठेवले होते. चित्रपटात स्वस्तिकचिन्ह दाखवण्यास कलाकृती म्हणून मुभा होती, व्हिडिओ गेममध्ये प्रत्यक्षात नव्हती. २०१७ च्या 'वुल्फेन्स्टाइन २' या खेळाच्या जर्मन आवृत्तीत हिटलरची मिशीसुद्धा काढून टाकावी लागली. ऑगस्ट २०१८ पासून तेथील खेळ-वर्गीकरण मंडळ प्रत्येक खेळाचा स्वतंत्रपणे विचार करते. यानंतर जर्मनीत पोहोचलेल्या खेळांपैकी 'अटेंटाट १९४२' हा चेक खेळ प्रागचे चार्ल्स विद्यापीठ व चेक विज्ञान अकादमी यांच्या सहकार्याने तयार झाला आहे. त्यात खेळाडू ना पीडित असतो, ना छळणारा. आजोबांना नाझींनी का अटक केली होती याचा शोध घेणारे तो त्यांचे नातवंड असतो. प्रश्न विचारणे हीच त्यातील कृती आहे. चुकीचा प्रश्न विचारला तर समोरचे वृद्ध माणूस गप्प होते.

गुलामगिरीच्या बाबतीत याच वाटेने जाणारा खेळ म्हणजे 'ब्लॅकहेवन' (२०२१). त्यातील कृष्णवर्णीय तरुणी व्हर्जिनियातील एका जुन्या मळ्याच्या, आता संग्रहालय झालेल्या वाड्यात उमेदवारी करते. पर्यटकांना सांगितली जाणारी वाड्याची वैभवकथा आणि दप्तरातील कागदपत्रे यांत मेळ बसत नाही, हे तिला कळत जाते. खेळाडू कोणाला विकत नाही, सोडवतही नाही. तो कागद वाचतो.

कायदा व वर्गातील वापर

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये ७ विरुद्ध २ मतांनी दिलेल्या निर्णयानुसार पुस्तके व चित्रपट यांप्रमाणेच व्हिडिओ गेमलाही अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण आहे. त्यामुळे तेथील वाद बंदीपेक्षा औचित्याचा आहे आणि तो बहुधा शाळेच्या दारात येऊन थांबतो. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक दूरचित्रवाणी केंद्राच्या 'मिशन यूएस' या मालिकेतील 'फ्लाइट टू फ्रीडम' (२०१२) मध्ये विद्यार्थी १८४८ मधील केंटकी राज्यातील लूसी किंग या १४ वर्षांच्या गुलाम मुलीच्या भूमिकेत शिरतो. कामात मुद्दाम ढिलाई करणे, मुकादमापुढे गप्प राहणे, संधी साधून ओहायो नदी ओलांडणे अशा निवडी त्याला कराव्या लागतात. हा खेळ अभ्यासपूर्वक रचलेला आहे. तरीही गुलामगिरी ही योग्य पर्याय निवडल्यास टळणारी आपत्ती होती असा समज त्यातून होतो, अशी टीका शिक्षकांनी व पालकांनी केली. पळून जाण्यात यशस्वी झालेले लोक एकूण गुलामांच्या मानाने अत्यल्प होते, ही गोष्ट जिंकण्यासाठी खेळणाऱ्या मुलाला सांगावी लागते.

सदर्न पॉव्हर्टी लॉ सेंटर या संस्थेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, गुलामगिरी हे अमेरिकन यादवी युद्धाचे मुख्य कारण होते हे शालान्त वर्गातील केवळ ८ टक्के विद्यार्थ्यांना ओळखता आले. याच संस्थेच्या शिक्षण विभागाचा वर्गात गुलामगिरीची नाट्यरूप पुनर्निर्मिती करण्यास विरोध आहे. विषय टाळल्याने अज्ञान वाढते आणि उथळपणे अभिनीत केल्याने मुलांना इजा होते, अशा दुहेरी पेचात शिक्षक सापडतो. शामोआझोंसारखा साहित्यिक किंवा कंबुईंसारखा कार्यकर्ता खेळाच्या रचनेत असला तरी वर्गात तो हजर नसतो. तेथे जे काही समजावून सांगायचे ते शिक्षकालाच सांगावे लागते.

भारतीय संदर्भ

महात्मा जोतीराव फुले यांनी आपला 'गुलामगिरी' (१८७३) हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. मराठीत हा शब्द त्यामुळे जातिव्यवस्थेच्या चर्चेशी कायमचा जोडला गेला. अटलांटिकवरील व्यापाराखेरीज हिंदी महासागरातही गुलामांचा व्यापार शतकानुशतके चालू होता. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या यान हाउखेन व्हान लिन्सखोटेन या डच प्रवाशाने तेथील मुख्य रस्त्यावर होणाऱ्या लिलावांचे व त्यांत विकल्या जाणाऱ्या गुलामांचे वर्णन १५९६ मध्ये प्रसिद्ध केले. ब्रिटिश अमलाखालील भारतात १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता संपली.

या इतिहासाला अटलांटिकवरील खेळांचे नियम जसेच्या तसे लागू पडणार नाहीत. हबशाणात जन्मलेला मलिक अंबर अनेकदा विकला जाऊन दख्खनेत आला, अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला, त्याने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मोगलांशी झुंज दिली. अहमदनगरात त्याला विकत घेणारा चंगेजखान हा निजामशाहीचा पेशवा होता, आणि तोही मुळात हबशी गुलामच होता.